सरकार जेव्हा मालक असतं

मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवार आहे म्हणून टाकतोय, चहा घेऊन बसा.

आठव्या वेतन आयोगाची चर्चा सुरू झाल्यापासून गावातल्या ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, केंद्राचे नोकर म्हणजे सरकारचे जावई, त्यांना कोण हात लावतो? दुसरा म्हणतो, आम्हाला साधा संप करता येत नाही, कसले जावई? भुसावळात हा वाद रंगणारच. रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगाव, पोस्ट. ज्याच्या घरात केंद्राचा एकही पगार कधी आला नाही असं घर इथं शोधावं लागतं. गंमत म्हणजे दोन्ही तट अर्धं अर्धं खरं बोलतायत. नोकरी पक्की होणं आणि संपाला बंदी येणं हा एकाच व्यवहाराचा भाग होता. त्या व्यवहारात एका बाजूने शब्द पाळला नाही असं माझं मत आहे. कुणी, ते पुढे येईलच.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. इंग्लंडच्या राजाचा नोकर राजाची मर्जी असेपर्यंत नोकरीत, हा तिकडचा जुना सिद्धांत. तो १९१९ च्या कायद्यात आपल्याकडे लेखी आला. सोबत एक छोटी सवलत आली: ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नेमलं, त्याच्याहून खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही. चौकशीचे नियमही होते, पण कागदावर. मद्रासच्या सरकारी छापखान्यात व्यंकटराव नावाचे रीडर होते. परीक्षेचा पेपर फुटला, संशय त्यांच्यावर आला आणि नोकरी गेली. (पेपरफुटी आजची नाही, बघा.) चौकशी नियमाप्रमाणे झाली नाही म्हणून ते थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९३७ मध्ये उत्तर मिळालं की नियम पाळायला हवे होते हे खरं, पण ते सरकारच्या अंतर्गत कारभाराचे नियम आहेत, त्यांच्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. म्हणजे तुझ्यावर अन्याय झाला हे मान्य, आता घरी जा.

१९३५ च्या कायद्यात मग एक वाक्य वाढलं: बडतर्फ करण्याआधी माणसाला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची. हे कायद्यातच आल्यामुळे कोर्टाला ते बाजूला सारता येईना. आय. एम. लाल नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला १९४० मध्ये काढलं होतं. १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती बडतर्फी रद्दबातल ठरवली, पण थकलेला पगार मात्र मागता येणार नाही म्हणाले. राजाकडून पगार हक्काने मागायचा नसतो! हा खुळचटपणा आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये मोडला. बिहारच्या अब्दुल मजीद या फौजदाराच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की केलेल्या नोकरीचा पगार ही काही सरकारची बक्षिसी नाही, त्यासाठी दावा लावता येतो. आज पगार अडकला की आपण सहज ‘कोर्टात जाईन’ म्हणतो, त्यामागे हा निकाल आहे.

घटनेत हे सगळं कलम ३१० आणि ३११ मध्ये आलं. ३१० म्हणतं, केंद्राचा नोकर राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत नोकरीत. ३११ त्या मर्जीला कुंपण घालतं: नेमणाऱ्याहून खालच्याने काढायचं नाही, आरोप लेखी द्यायचे, चौकशी करायची, बाजू ऐकायची. लोक ज्याला ‘पक्की नोकरी’ म्हणतात ती एवढीच आहे. काढता येतं. न ऐकता काढता येत नाही.

आता फॅक्टरीवाल्यांनी जरा लक्ष द्या, कारण हे फॅक्टरीतल्याच बऱ्याच जणांना माहीत नसतं. ३१० च्या यादीत ‘संरक्षणाशी संबंधित पद’ आहे, ३११ च्या यादीत ते नाही. त्यामुळे संरक्षण खात्याच्या पैशातून पगार घेणाऱ्या मुलकी कामगाराला ३११ चं कुंपण लागू नाही, असं सुप्रीम कोर्टाने एकाहून अधिक निकालांत म्हटलंय. त्याला संरक्षण मिळतं ते १९६५ च्या शिस्त-नियमांतून. आणि नियम सरकार बदलू शकतं, घटना बदलायला संसदेचं विशेष बहुमत लागतं. एकाच गावात, एकाच केंद्र सरकारचे दोन नोकर, स्टेशनवरचा आणि फॅक्टरीतला. एकाचं कुंपण दगडी, दुसऱ्याचं तारेचं.

ही झाली मालकाची जबाबदारी. नोकराची जबाबदारी कुठून आली?

१९४६ च्या जुलैत टपाल खात्याचा देशव्यापी संप झाला. ११ जुलैला सुरू झाला आणि त्या संपाच्या पाठिंब्याला २९ जुलैला सगळं कलकत्ता बंद होतं. तेव्हा मालक इंग्रज होता, म्हणून संप देशभक्ती ठरला. पुढे मालक आपला झाला आणि संपाचा अर्थही बदलला.

१९५७ चं साल नीट समजून घ्या, सगळी गाठ तिथं आहे. जुलैत दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक, कामगार तिघेही हजर. किमान वेतन कसं ठरवायचं त्याचं माप तिथं ठरलं: घरात खाणारी तीन माणसं धरायची, माणसी २,७०० उष्मांकाचं अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूणाच्या २० टक्के. यालाच ‘गरजेवर आधारित किमान वेतन’ म्हणतात. सरकारच त्या परिषदेत बसलेलं होतं. आणि लगेच ऑगस्टमध्ये, टपालवाले संपाच्या उंबरठ्यावर असताना, त्याच सरकारने तीन गोष्टी केल्या. दुसरा वेतन आयोग नेमला, अत्यावश्यक सेवांचा कायदा केला आणि केंद्रीय नोकरांच्या वर्तणूक नियमांत दोन कलमं घुसवली. ४-अ: नोकरीच्या अटींबाबत निदर्शन करायचं नाही, संप करायचा नाही. ४-ब: सरकारची मान्यता नसलेल्या संघटनेत राहायचं नाही.

आयोगाने १९५९ मध्ये अहवाल दिला. श्रम परिषदेच्या मापाने आकडा १२५ रुपयांच्या आसपास जात होता, नोकरांची मागणीही तीच. आयोगाने दिले ८०. मग ७२ यार्ड कापडाचं काय झालं? अर्थ खात्याने आयोगाला कळवलं होतं की श्रम परिषदेचे ठराव सरकारवर बंधनकारक नाहीत. गिरणीमालकासमोर ठेवायचा कागद स्वतःला लावायची वेळ आली तेव्हा तो नुसता कागद झाला.

११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून केंद्रीय नोकरांचा संप सुरू झाला. रेल्वे, टपाल-तार, संरक्षण कारखाने, हिशेब खातं, सगळेच त्यात होते. मराठी माणसं त्यात पुढे होती. संरक्षण कामगारांच्या फेडरेशनचं नेतृत्व एस. एम. जोशींनी वर्षानुवर्षं केलं; रेल्वेच्या फेडरेशनमध्ये पीटर अल्वारिस होते, मूळचे गोव्याचे. सरकारने ८ जुलैलाच वटहुकूम काढून ठेवला होता: संपात भाग घेतला तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पंडितजी रेडिओवर बोलले. दाहोदला गोळीबारात कामगार मेले. पाच दिवसांत, १६ जुलैला, संप मागे घेतला गेला. संघटनांची मान्यता काढली गेली आणि शिक्षा सुरू झाल्या.

शिक्षा कुणाला झाल्या ते बघण्यासारखं आहे. कायम नोकराला काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, साक्षी, सगळं करावं लागतं. टेम्पररी माणसाला एका महिन्याची नोटीस पुरते, कारण सांगायचीही गरज नाही. तेव्हा दहा-दहा वर्षं टेम्पररी राहणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. घोषणा देणारा कायम आणि घरी जाणारा टेम्पररी, असं कितीतरी ठिकाणी झालं. संघटनांनी या माणसांसाठी पुढे भांडण केलं हे खरं, पण संपाची हाक देताना हा हिशेब कुणी मांडला होता का, हा प्रश्न विचारायला हवा. ‘टेम्पररी असला तरी शिक्षा म्हणून काढत असाल तर ३११ लागू होतं’ हे सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्याच एका नोकराच्या, पुरुषोत्तमलाल धिंग्रांच्या, खटल्यात १९५७ मध्येच सांगितलं होतं. पण शिक्षा आहे हे सिद्ध कोण करणार? नोटिशीवर फक्त ‘आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे’ एवढंच असायचं.

कोर्टात दोन मोठे निकाल लागले आणि दोन्ही १९६२ चे. फेब्रुवारीत बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात कोर्ट म्हणालं, सरकारी नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत हक्क दारात ठेवून येत नाही. शांततेने निदर्शन करणं हा म्हणणं मांडण्याचाच प्रकार आहे, त्यावर सरसकट बंदी चालणार नाही. संप हा मात्र मूलभूत हक्क नाही. ऑक्टोबरमधला निकाल तर आपल्या मुंबईचा. महालेखापालांच्या मुंबई कार्यालयातले जोसेफ तिथल्या कर्मचारी संघटनेचे चिटणीस होते. संघटनेची मान्यता १९५९ मध्ये काढून घेतली, तरी त्यांनी संघटना सोडली नाही, निदर्शनंही केली. त्यांच्यावर ४-अ आणि ४-ब दोन्हीखाली कारवाई सुरू झाली. हायकोर्टाने ४-ब रद्द केलं. सुप्रीम कोर्टात निकाल लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. ४-ब पूर्ण उडालं, ४-अ मधलं निदर्शनबंदीचं वाक्यही उडालं. संपबंदी तेवढी शिल्लक राहिली. मालकाने मान्यता काढली म्हणून संघटना करण्याचा हक्क जात नाही, हे या निकालाने पक्कं झालं. आज गेट मीटिंग घेणाऱ्या प्रत्येकाने जोसेफ यांचं नाव लक्षात ठेवावं. दोन वर्षांनी, नागपूरच्या पोस्टमास्टर जनरलविरुद्धच्या खटल्यात, १९६० चा वटहुकूमही वैध ठरला.

म्हणजे कायद्याची रेषा साठ वर्षांपूर्वीच स्पष्ट झाली: संघटना करा, घोषणा द्या, मोर्चा काढा, काम बंद करू नका. १९६४ च्या वर्तणूक नियमांतलं नियम ७ हेच सांगतं आणि ते आजही चालू आहे.

पण माणसाचं शेवटचं हत्यार काढून घ्यायचं तर बदल्यात काही द्यायला हवं. ते १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. संयुक्त सल्लागार यंत्रणा, आपले लोक जिला जेसीएम म्हणतात. सरकार आणि संघटना एका टेबलावर बसणार. पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या विषयांवर एकमत झालं नाही तर सक्तीचा लवाद, म्हणजे तिसऱ्या तटस्थ माणसासमोर प्रकरण. संघटनांनी सह्या केल्या. व्यवहार चांगला होता, मी आजही म्हणेन. संपाने जे मिळवायचं ते लवादाने मिळालं तर गाडी बंद का पाडायची?

दोन वर्षंही टिकला नाही. संघटनांनी जेसीएमच्या टेबलावर पहिला मोठा विषय ठेवला तो तोच, गरजेवर आधारित किमान वेतन. एकमत झालं नाही. संघटना म्हणाल्या, नियमाप्रमाणे लवादाकडे पाठवा. सरकार म्हणालं, हा विषय लवादाचा नाही, हा देशाच्या वेतन धोरणाचा प्रश्न आहे. पगाराचा विषय लवादाचा नाही, तर मग लवादाचा विषय होता कोणता?

तेव्हाचे गृहमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांबद्दल मला आदर आहे, सगळ्यांनाच आहे. पण १९६८ चा सप्टेंबर त्यांच्या चांगल्या महिन्यांत मोजता येणार नाही. १९ तारखेला एका दिवसाचा, फक्त एका दिवसाचा लाक्षणिक संप होता. १३ तारखेला वटहुकूम आला. पठाणकोटला गोळीबार झाला. देशभर अटका, निलंबनं आणि पुन्हा टेम्पररी लोकांना नोटिसा. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल ‘ब्रेक इन सर्व्हिस’ लावलं गेलं, म्हणजे मागची नोकरी मोजणीत धरायची की नाही तेही खात्याच्या हातात. एक दिवस काम न केल्याबद्दल एका दिवसाचा पगार कापणं रास्त, त्याला कुणाची ना नाही. पण वीस वर्षांच्या नोकरीत भोक पाडणं ही कुठल्या मापाने शिक्षा झाली?

सरकारच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. गाड्या, टपाल, दारूगोळा एकाच वेळी बंद पडला तर भोगतो तो सामान्य माणूस, त्यातले बहुतेक ८० रुपये मिळवणाऱ्यापेक्षाही गरीब. १९६२ आणि १९६५ ची युद्धं नुकतीच होऊन गेलेली होती. म्हणूनच तर लवाद हवा होता. संप नको म्हणणारं सरकार लवादही नको म्हणालं, माझी तक्रार एवढीच आहे.

१९७४ बद्दल बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जॉर्ज फर्नांडिस रेल्वे फेडरेशनचे अध्यक्ष. ड्रायव्हर-फायरमनला आठ तासांची ड्यूटी, बोनस आणि महागाईभत्ता या मागण्या. बोलणी चालू असतानाच २ मेला जॉर्ज यांना लखनौला अटक झाली. ८ मेला संप सुरू झाला, २७ मेला मागे घेतला. मिसा, भारत संरक्षण नियम, सगळं वापरलं. रेल्वे कॉलन्यांमधून बायकापोरांना बाहेर काढलं. यावेळी कायम नोकरांनाही सोडलं नाही. ३११ मध्येच एक खिडकी आहे: चौकशी करणं ‘व्यवहार्य नाही’ असं अधिकाऱ्याने कारणासह लिहिलं की चौकशीशिवाय काढता येतं. रेल्वेच्या नियमात तिचा नंबर १४(२). जुन्या रेल्वेवाल्यांसमोर नुसतं ‘फोर्टीन टू’ म्हणा, चेहरा बदलतो. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्यांना परत घेतलं. बोनस १९७९ मध्ये आला. तोपर्यंत रेल्वेच्या माणसाला बोनस मिळत नव्हता, कारण १९६५ च्या बोनस कायद्यातून सरकारने स्वतःची खाती वगळून ठेवली होती. पुन्हा तेच.

ती खिडकी किती मोठी, हे ११ जुलै १९८५ ला ठरलं. जबलपूरच्या तुलसीराम पटेल यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो. वेतनवाढ रोखली म्हणून त्यांनी साहेबाच्या डोक्यात लोखंडी गज घातला होता, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाला फार वाईट वाटायचं कारण नाही. पण त्याच निकालात १९८१ च्या संपातले लोको कर्मचारीही होते, ज्यांनी कुणाला मारलं नव्हतं. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी खिडकी मान्य केली, न्यायमूर्ती ठक्कर यांनी विरोध केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट, सुरू झालं. केंद्राच्या नोकरीची बहुतेक भांडणं आता आधी तिथंच जातात.

२००३ मध्ये तमिळनाडूच्या राज्य नोकरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट आणखी पुढे गेलं आणि म्हणालं, संपाचा कायदेशीरच काय, नैतिक हक्कही नाही. नैतिकतेबद्दल कोर्टाने बोलायची गरज होती का, हा वेगळा प्रश्न.

आता आजच्यावर येतो. टपालातला गावोगावचा डाकसेवक. १९७७ च्या राजम्मा खटल्याने त्याला ३११ चं संरक्षण दिलं, पण पगार आणि पेन्शन कायम नोकराचं नाही. म्हणजे त्याला न ऐकता काढता येत नाही, आणि नीट पोसलंही जात नाही. त्याच्या खाली कंत्राटी कामगार, स्टेशनवर झाडू मारणारा, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. त्याला ३११ नाही, जेसीएम नाही, कॅट नाही. १९६० मधला टेम्पररी निदान सरकारच्या हजेरीपटावर तरी होता.

आणि फॅक्टरी. २०२१ च्या जूनमध्ये ४१ ऑर्डनन्स कारखान्यांच्या सात कंपन्या करायचं ठरलं, संघटनांनी संपाचा इशारा दिला आणि ३० जूनला वटहुकूम आला. ऑगस्टमध्ये कायदा झाला: संप केला तर एक वर्षापर्यंत कैद, चिथावलं तर दोन. त्या कायद्याची मुदत एकच वर्षाची होती, ती संपली. १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपन्या सुरू झाल्या. कामगार कागदावर अजून केंद्राचेच नोकर, कंपनीत ‘डीम्ड डेप्युटेशन’वर. कंपनीत कायमचं जायचं की केंद्राचा नोकर म्हणून राहायचं हा प्रश्न उभा राहिला तर वर जे सगळं लिहिलंय ते तुमच्या कामाचं आहे. कंपनीत गेलात तर जेसीएम सुटतं, १९६५ चे नियम सुटतात, नियम ७ ही सुटतं आणि तुम्ही औद्योगिक कायद्याखाली येता. तिथं संपाला आधी नोटीस द्यावी लागते. म्हणजे अटींसह का होईना, संप कायद्यात आहे. पण पगार-पेन्शनची हमी कोण देणार, ते लेखी घ्या. तोंडी कुणाचंही ऐकू नका, संघटनेचंही नाही आणि माझंही नाही.

एक विनंती. १९६८ किंवा १९७४ च्या संपात असलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. कुणाच्या घरी तेव्हाची निलंबनाची ऑर्डर, टेम्पररीची नोटीस, ब्रेक इन सर्व्हिसचं पत्र, क्वार्टर खाली करायचा कागद असेल तर फोटो काढून मेसेज करा. नाव छापायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं.